देऊ केलेले नाही

"जंगम सर, एक वाक्य पाहिजे," दादासाहेब म्हणाले.

मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. दादासाहेब इंगवले आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्थेच्या ग्रंथालयात मी सगळी नोकरी काढली, निवृत्त होऊनही वर्ष लोटलं होतं, पण त्यांच्या खोलीत पाठ टेकून बसायची सवय मला कधी झालीच नाही. समोर चहा ठेवला होता. तो आता प्यायचा की बोलणं संपल्यावर, हे ठरेपर्यंत त्यावर साय धरली.

"वाक्य?"

"देणगीदारांना पावतीबरोबर पत्र जातं ना आपलं. ऐंशी-जीचं. ज्यावर त्यांना आयकरात सूट मिळते ते." त्यांनी हेडक्लार्ककडे मान वळवली. "सांगा, भाऊसाहेब."

हेडक्लार्क शेंडगे भाऊसाहेब कपाटाला टेकून उभे होते. "त्याचं काय झालंय सर, आपल्या दोन देणगीदारांना आयकरवाल्यांनी बोलवून घेतलं. म्हणाले, तुमची पोरं ह्याच संस्थेत शिकत्यात, मग ही देणगी कसली? ही तर फी झाली. आता सीए म्हणतोय, पत्रातच स्वच्छ लिहून टाका, की बाबा, हे नुसतं दान हाय. बदल्यात काय दिलेलं न्हाई."

"मग लिहा की तसं."

"लिहिलंय. बघा." दादासाहेबांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. 'सदर देणगीपोटी संस्थेने देणगीदारास कोणताही लाभ वगैरे दिलेला नसून' असं काहीतरी होतं. 'वगैरे'पाशी माझा चेहरा बदलला असावा, कारण दादासाहेब लगेच हसले.

"बघितलंत भाऊसाहेब? सरांना लागलं. अवो सर, आमच्याकडं सगळे आकडे लिहिणारे. भाषा तुमच्याकडं आहे. देणगीदाराला वाचून बरं वाटलं पाहिजे आणि आयकरवाल्याला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. जमेल?"

माझ्याकडे तोवर कुणी लिखाण मागितलं नव्हतं. तरुणपणी मी मासिकांना लेख पाठवायचो, ते साभार परत यायचे. पुढे पाठवणंही थांबलं. "जमेल," म्हणताना माझा आवाज चिरकला आणि चहाचा कप उचलून मी एका दमात संपवला. सायीसकट.

ते वाक्य मी आठवडाभर लिहीत होतो. कुणाला सांगितलं तर हसेल. पहिलं अर्धं लवकर जमलं: 'झाडाने सावली द्यावी आणि खाली कोण बसले ते पाहू नये, तशी ही देणगी आपण दिलीत.' पुढचं अडत होतं. 'तिच्या बदल्यात संस्थेने आपणांस काही दिलेले नाही आणि आपणही काही मागितलेले नाही.' अर्थ पुरा होता, पण म्हणून बघितलं की वाक्य लंगडायचं. दोन पायांवर उभं राहत नव्हतं. एका संध्याकाळी मी आणि गिरिजा मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा मधला पाय सापडला. मी तो मोठ्याने म्हणून पाहिला.

"काय देऊ केलेले नाही?" गिरिजाने विचारलं.

मी तिला सगळं वाक्य म्हणून दाखवलं. 'काही दिलेले नाही, देऊ केलेले नाही. आणि आपणही काही मागितलेले नाही.'

गिरिजा माझी एकुलती मुलगी. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिने देठ खुडता खुडता ऐकून घेतलं.

"छान आहे," ती म्हणाली. "झाड जरा जास्त होतंय, पण छान आहे. अप्पा, एवढा वेळ दादासाहेबांसमोर बसलात, माझं काही बोललात का?"

"तसं कसं बोलणार? त्यांनी कामासाठी बोलावलं होतं."

"मीही कामच करते त्यांच्याकडे."

ते खरं होतं. एमएस्सी, बीएड होऊन ती सात वर्षं संस्थेच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर त्या तासाचे पैसे. दिवाळी कोरडी, मे महिना कोरडा. विज्ञानाचे ढवळे सर निवृत्त झाले की त्यांची जागा गिरिजाचीच, असं सगळे म्हणत. तिने तिशी ओलांडली होती. दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं, आणि दोन्हीकडे शेवटचा प्रश्न एकच आला: मुलगी कायम आहे का? दुसऱ्या वेळी मी 'होईल' म्हणालो. गिरिजा 'नाही' म्हणाली. पाहुणे पोहे खाऊन गेले.

दादासाहेबांनी वाक्य मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. "वा," म्हणाले, "सर, हे आधी कुठं लपवून ठेवलं होतं?" त्या दिवशी मी घरी येताना नेहमीच्या रस्त्याने आलो नाही, बाजारातून आलो. का, ते सांगता येत नाही. जरा जास्त चालावंसं वाटलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ढवळे सर निवृत्त व्हायचे होते. त्याआधी, थंडी सरता सरता, शेंडगे भाऊसाहेब घरी आले. चप्पल काढतानाच म्हणाले, "ताईंचा नंबर पयला हाय सर. त्यात वादच न्हाई. अनुभव हाय, निकाल हाय. पोरं नाव काढत्यात. फक्त ते इमारत निधीला..." आणि त्यांनी एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा वर केला.

"सहा?"

"लाख. सर, तुमच्यासाठी म्हणून. भायेर काय चाललंय ते तुमाला म्हाईत न्हाई."

"दादासाहेब म्हणाले का असं?"

"दादासाहेब कशाला म्हणतील? ते कधीच काय म्हणत न्हाईत." भाऊसाहेबांना माझी कीव आल्यासारखी दिसली. "म्हणायला मी हाय की."

ते गेल्यावर गिरिजाने कपबश्या उचलल्या. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "देऊन टाका, अप्पा. फंडाचे आहेत ना?"

"अगं, पण..."

"सगळ्यांनी दिलेत. ढवळे सरांनीसुद्धा दिले होते त्यांच्या वेळी, ते स्वतः सांगतात. वीटभट्टीवाल्या लवटेकाकांनी सुनेसाठी दिलेत, प्राथमिकच्या जागेला. मला काही आनंद नाही होत म्हणताना. पण मला पुढच्या वर्षीही तास मोजत बसायचं नाहीये. रोख काढा आणि देऊन टाका."

"रोख दिले तर ती लाच होईल."

"आणि कसे दिले तर नाही होणार?"

"चेकने दिले तर देणगी. पावती मिळते, पत्र मिळतं. लेखी राहतं."

"लेखी राहून काय होणार?"

"लेखी असलं की कुणाला नाकारता येत नाही."

ती हसली, पण हसू काही चांगलं नव्हतं. "तुम्ही पुस्तकावर शिक्का मारायचात ना, अप्पा, की ते संस्थेचं झालं. माणसांवर तसा मारता येत नाही."

मी ऐकलं नाही. तसा मी कुणाचंही ऐकून घेणारा माणूस. दुकानदार वजनात मारतोय हे दिसत असूनही गप्प राहणारा. पण या एका गोष्टीत मी घट्ट राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम हातावेगळी करत होतो. ती उघड, स्वच्छ, कागदावर जावी, असं मला वाटलं. आजही त्यात नेमकी चूक काय होती ते मला नीट सांगता येत नाही.

कचेरीत चेक पुढे केला तेव्हा भाऊसाहेब हात मागे घेऊन उभे राहिले, जसं काही मी विंचू धरून आणला होता.

"चेक? सर, नवस फेडताना देवाकडं पावती मागता व्हय?"

"मला पावती हवी. आणि पत्र."

ते आत गेले. मग दादासाहेब स्वतः दारात आले, मला आत नेलं आणि चेक दोन्ही हातांनी घेतला. "पांढरा पैसा," ते म्हणाले. "सर म्हणजे सर. तुमच्यासारखे चार देणगीदार मिळाले, तर मला कुणापुढं मान खाली घालावी लागणार नाही."

गिरिजाचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. भाऊसाहेबांशी बोलणं झालंच होतं, आणि चेक देता देता ते पुन्हा म्हणणं म्हणजे बाजारात उभं राहिल्यासारखं. तरी उठताना मला वाटलं, एकदा बोलून टाकावं. मी तोंड उघडलं. 'गिरिजा' म्हणायचं होतं. म्हणालो, "ग्रंथालयातला पंखा अजून वाजतो का हो?"

"बदलू की," दादासाहेब म्हणाले. "तुम्ही म्हणालात म्हणजे बदलणार."

पावती आणि पत्र टपालाने आलं. 'श्री. विश्वनाथ मल्लिकार्जुन जंगम यांस' आणि खाली माझं वाक्य, छापील, संस्थेच्या बोधचिन्हाखाली. स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. मी ते फाटकाशीच उभं राहून वाचलं. माझं नाव आणि माझं वाक्य एका कागदावर छापून आलेलं ते पहिल्यांदाच पाहत होतो. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"काय आलंय?" गिरिजाने आतून विचारलं.

मी कागद तिला दिला. तिने वरून खाली नजर फिरवली. "तुमचं झाड आलं," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली.

जुलैमध्ये मी कुडाळेंकडे गेलो. ते दर वर्षी माझं आयकराचं विवरणपत्र भरून देत. त्यांनी पावती पाहून भुवया उंचावल्या.

"सहा लाख! सर, तुम्ही?"

"देणगी आहे."

"ते दिसतंय. सूट घ्यायची ना?"

मी घोटाळलो. "घ्यायलाच पाहिजे असं आहे का?"

"पाहिजे असं नाही. पण देणगी दिलीत तर सोडता कशाला? फार नाही मिळत, मर्यादा असते तुमच्या उत्पन्नाच्या मानाने. अठराशे रुपये वाचतील." ते थांबले. "देणगीच आहे ना?"

"हो. देणगीच आहे."

मी सही केली. खरं सांगायचं तर बाहेर पडताना मन हलकं झालं होतं. आता सरकारदरबारीसुद्धा ती देणगी झाली होती. माझ्या मनात कुठे शंका राहिली असेल, तर ती त्या अठराशे रुपयांबरोबर मिटली.

जूनपासून गिरिजा ढवळे सरांचे सगळे वर्ग घेत होती. पगार तासाचाच. विचारलं की भाऊसाहेब म्हणत, "मान्यता यायचीय वरून. आली की ऑर्डर." दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली त्या दिवशी ती घरी आली, हात-पाय धुतले, आणि टॉवेलने हात पुसत न्हाणीच्या दारातच उभी राहिली.

"ढवळे सरांच्या खुर्चीत एक मुलगा बसलाय," ती म्हणाली. "साखर कारखान्याच्या कुठल्या संचालकांचा भाचा. प्रयोगशाळेची किल्ली मीच दिली त्याला. अॅसिड कुठल्या कपाटात असतं तेही दाखवलं. नवीन आहे, भाजून घेईल."

मी म्हणालो, "आपल्याकडे लेखी आहे."

तिने टॉवेल दोरीवर टाकला. "मग जा ना, लेखी घेऊन."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दादासाहेबांनी उठून नमस्कार केला. या वेळी चहा आला तेव्हा मी त्याला हातही लावला नाही.

"गिरिजाचं..." मी म्हणालो.

"गिरिजाताई! फार चांगलं शिकवतात. त्यांचे तास चालू राहणार, अजिबात काळजी करू नका."

"पण जागा..."

"जागेचं वरून आलं, सर. कारखान्याचा विषय होता. माझाही नाइलाज झाला."

"मग मी जे दिलं होतं, ते..."

"काय दिलं होतं?"

मला सहा म्हणता येईना. लाख म्हणता येईना. मी भाऊसाहेबांनी केली होती तशी बोटं वर केली आणि लगेच खाली घेतली.

"हां, देणगी," दादासाहेब म्हणाले.

"शेंडगे भाऊसाहेब घरी आले होते. त्यांनी सांगितलं होतं की जागा..."

दादासाहेबांनी घंटी वाजवली. भाऊसाहेब आले. "भाऊसाहेब, तुम्ही सरांना काही कबूल केलं होतं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "न्हाई साहेब. मी आपलं देणगीचं आवाहन केलं."

"पत्राची प्रत काढा."

प्रत आली. दादासाहेबांनी चष्मा लावला आणि माझं वाक्य वाचलं. ते वाचायचे चांगलं. पहिल्या वेळी वाचलं होतं तसंच, झाडापाशी जरा रेंगाळत. 'देऊ केलेले नाही'पाशी त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे आम्ही सांगितलं नव्हतं. हे तुमचं. सीएनं बघितलं तेव्हा म्हणाला, दादासाहेब, हे तीन शब्द वकिलालासुद्धा सुचले नसते. नुसतं 'दिलेलं नाही' असतं तर उद्या कुणी म्हणेल, दिलं नाही पण कबूल केलं होतं. आता तेही बंद." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. कौतुक होतं. ते मला आजही समजत नाही. "सर, आयकरात सूट घेतलीत का ह्याची?"

"घेतली."

"किती वाचले?"

"अठराशे."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू बोलले, आजारी माणसाशी बोलावं तसं. "सरकारला लिहून दिलंत की दान केलं. आणि मला म्हणता, परत द्या. ह्यातलं मी कुठलं खरं धरू?"

मी पत्राची प्रत उचलली, नीट घडी केली आणि परत टेबलावर ठेवली.

"सव्वीस जानेवारीला या," ते म्हणाले. "देणगीदारांचा सत्कार ठेवलाय. तुमचं नाव पहिलं आहे. आणि हो, पंखा बदललाय बरं का."

बाहेर फाटकाशी वीटभट्टीवाले लवटे मोटारसायकलवर बसून तंबाखू मळत होते. माझी-त्यांची ओळख तशी वाचनालयाची. ते निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रं चाळायला यायचे.

"काय सर, तुमचं बी काम फसलं म्हणं."

मी मान हलवली.

"मग? घेतलं का परत? आमच्या सुनंचं बी न्हाई झालं. म्या काय केलं, इटांचं दोन टरक आणलं आणि हितं फाटकात आडवं लावलं. म्हटलं, दादासाहेब, एक तर पैसं काढा, न्हायतर हितंच खाली करतो, मग बांधा तुमची इमारत. शाळा सुटायच्या आत पैसं हातात. मोजून."

"तुमच्याकडे पावती होती?"

लवटे मळता मळता थांबले. "पावती? येडं हाय का काय मी? पावती घेतली असती तर कुठल्या तोंडानं परत मागितलं असतं?" मग त्यांना काहीतरी उमगलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तंबाखू तशीच हातात धरून म्हणाले, "तुमी पावती घेतली?"

मी निघालो. मागून त्यांनी हाक मारली. "सर! टरक पायजे असला तर सांगा. भाडं नको मला."

ते थट्टा करत नव्हते. मला ट्रकसमोर उभं राहून ओरडताना त्यांनी मनात पाहिलं असेल का, कुणास ठाऊक. मी पाहून बघितलं. नाही दिसलं.

घरी आल्यावर मी गिरिजाला सगळं सांगितलं, लवट्यांचंसुद्धा. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "सव्वीस जानेवारीला काय घालणार?"

"मी जाणार नाही."

"जायचं. नाही गेलात तर आपण रागावलोय हे त्यांना कळेल. मला अजून तास आहेत तिथे, अप्पा. आता तेवढेच आहेत."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मैदानातच मांडव घातला होता. सूत्रसंचालन दर वर्षीप्रमाणे गिरिजाकडे. तिचा आवाज स्वच्छ, न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. त्या कामाचे पैसे नसायचे. ते तिचं तिथलं शेवटचं सूत्रसंचालन ठरलं. जूनमध्ये ती सांगलीला एका खाजगी क्लासमध्ये शिकवायला गेली, अजून तिथेच आहे, अजून तासावर. पण त्या दिवशी हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिने फिकट निळी साडी नेसली होती आणि हातात कार्यक्रमाचा कागद होता.

मी व्यासपीठावर एका कापडदुकानदाराच्या आणि एका पेट्रोलपंपवाल्याच्या मधे बसलो होतो. घरून निघताना मी एक ठरवलं होतं. माईक हातात आला, तर एकच वाक्य बोलायचं: हे दान नव्हतं. मोठं भाषण मला जमलंच नसतं. पण एवढं जमेल असं वाटत होतं. वाटेत मी ते पुटपुटून पाहिलं होतं. छोटं होतं, लंगडत नव्हतं.

"आमच्या संस्थेचे निवृत्त ग्रंथपाल आणि देणगीदार, श्री. विश्वनाथ जंगम," गिरिजाने पुकारलं. अप्पा नाही, सर नाही. दादासाहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटो झाला. मग माईककडे गेले ते दादासाहेबच.

"जंगम सर बोलत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "'शांतता राखा' ह्या पाटीखाली आख्खी नोकरी केली त्यांनी. ती पाटी त्यांनी मनावर घेतली." पोरं हसली. शिक्षक हसले. "तेव्हा आज मी त्यांना बोलायचा त्रास देणार नाही. पण लिहितात कसे, ते तुम्ही ऐका. आपलं देणगीचं पत्र आहे ना, ते सरांनी लिहिलंय. आणि नुसतं लिहिलं नाही, तसं वागून दाखवलं. गिरिजाताई, वाचा."

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

तिला नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. तिने कागद घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"झाडाने सावली द्यावी," तिने वाचायला सुरुवात केली, "आणि खाली कोण बसले ते पाहू नये, तशी ही देणगी आपण दिलीत." मागच्या रांगेत कुजबुजणारी मुलंही थांबली. "तिच्या बदल्यात संस्थेने आपणांस काही दिलेले नाही." इथे ती थांबली. मी लिहिताना जेवढं थांबायचं योजलं होतं तेवढंच. "देऊ केलेले नाही." आवाज किंचित वर गेला आणि पुन्हा खाली आला. "आणि आपणही काही मागितलेले नाही."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत ढवळे सरांच्या जागेवर आलेला तो मुलगाही टाळ्या वाजवत होता. त्याचा चेहरा चांगला होता. त्याला काहीच माहीत नसावं. मी मांडीवरचा नारळ हातात घेऊन उठलो, नमस्कार केला आणि खाली बसलो. माईक माझ्याकडे आला नाही. आला असता तर मी बोललो असतो का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता त्या प्रश्नाचाच कंटाळा आला आहे.

गिरिजा खुर्च्या मोजून परत देऊन दुपारी घरी आली. मी शाल घडी करून खुंटीला अडकवली होती आणि नारळ ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो होतो. तिने साडीचा पदर खोचला आणि नारळ सोलायला घेतला.

"राहू दे की," मी म्हणालो. "देऊन टाकू कुणाला तरी."

"सहा लाखांचा नारळ आहे, अप्पा. शेंडीसुद्धा टाकायची नाही."

मागच्या पायरीवर तिने तो एका घावात फोडला. पाणी दोन पेल्यांत घेतलं, एक माझ्यापुढे ठेवला. गोड होतं. आम्ही ते प्यायलो. मग ती किसणी घेऊन खाली बसली आणि किसायला लागली.

मला विचारायचं नव्हतं. कसं विचारलं गेलं, कळत नाही.

"कसं होतं?"

"काय?"

"वाक्य. वाचायला."

तिचा हात थांबला. तिने खरोखरच विचार केला. पोरांची वही तपासताना करायची तसा.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "कुठे थांबायचं ते बरोबर कळतं."

"मधले तीन शब्द नको होते."

"नाही," गिरिजा म्हणाली आणि पुन्हा किसायला लागली. "ते काढले तर वाक्य लंगडतं."